लग्नपत्रिकेसाठी रोझा की यात्रा?

देवनागरीत देखणा मथळा हवा असेल आणि पैसे मोजायचे नसतील, तर शोध बहुधा 'रोझा वन' आणि 'यात्रा वन' या दोन फॉन्टांपाशी येऊन थांबतो. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, दोन्हींत वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, एकाच प्रकारचे मिळते (वेगळा ठळक किंवा बारीक प्रकार नाही) आणि दोन्हींत देवनागरीच्या जोडीला रोमन अक्षरे आहेत. त्यामुळे निवड करायची ती अक्षराच्या चेहऱ्यावरून आणि ते अक्षर शेवटी कशावर उमटणार आहे यावरून. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी मला हीच निवड करावी लागली होती.

रोझा हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट. जाड रेघ अतिशय जाड आणि बारीक रेघ अगदी केसासारखी, हा त्याचा स्वभाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातींत जी लठ्ठ, झोकदार रोमन अक्षरे लोकप्रिय झाली, त्यांच्या कुळातला हा देवनागरी भाऊ म्हणता येईल. पडद्यावर मोठ्या आकारात वधूवरांची नावे रोझात टाइप करून पाहिली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने तोच पसंत केला. मीही केला. त्या क्षणी यात्रा त्याच्या शेजारी थोडा खेडवळ दिसत होता, हे मान्य केले पाहिजे.

यात्रा हा कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवला. देवनागरी लिहिताना बोरूचा काप रोमनच्या उलट दिशेने झुकलेला असतो, आणि तोच झुकाव या फॉन्टात रोमन अक्षरांनाही दिलेला आहे. म्हणजे इथे इंग्रजीने मराठीचे वळण उचलले आहे. एरवी बहुतेक फॉन्टांत याच्या उलट घडते. आमच्या एका काकूंनी नमुना पाहून "ही तर दादर स्टेशनची पाटी" असा शेरा मारला होता, आणि तो पूर्णपणे चुकीचा होता असे मला म्हणता येणार नाही.

माझे मत फिरले ते छापखान्यात. पत्रिका हातकागदावर, सोनेरी शाईत, स्क्रीन प्रिंटिंगने करायची होती. वधूवरांची नावे मोठी असल्याने रोझात ठीक उमटली. माथ्यावरची '॥ श्री गजानन प्रसन्न ॥' ही ओळ मात्र जेमतेम चौदा पॉइंटांत बसवलेली होती, आणि तिथे जाड भाग शाबूत राहून त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा कागदाच्या खरबरीत पोतात मधूनच तुटल्या. काही प्रतींत तर 'गजानन' म्हणजे नुसती कान्यांची रांग उरली होती. "साहेब, रेघ शाई धरत नाही," असे सांगून छापणाऱ्याने अक्षरांना बाहेरून कड देऊन ती जाड करण्याचा उपाय सुचवला. तो करून पाहिला, तेव्हा बारीक रेघा वाचल्या खऱ्या, पण जाड भाग आणखी सुजले, अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजल्या आणि ज्या डौलासाठी रोझा निवडला तो डौलच गेला.

यात रोझाचा दोष किती, हा वादाचा विषय आहे. तो मोठ्या आकारासाठीच आखलेला फॉन्ट आहे आणि मी त्याला लहान ओळीत बसवले. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा कोरला जाई आणि लहान खिळ्यात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवली जाई. 1994 साली बोडोनी या जाड-बारीक रेघांच्या जुन्या रोमन अक्षरवळणाची जी संगणकीय आवृत्ती आयटीसी या फॉन्ट कंपनीने काढली, तिच्यातही याच कारणासाठी लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराचे तीन वेगळे आराखडे होते. रोझात आराखडा एकच आहे. तो लहान केला की रेघही त्याच प्रमाणात बारीक होते. पत्रिकेसारख्या कामात, जिथे एकाच कागदावर मोठी नावे आणि लहान ओळी दोन्ही याव्या लागतात, तिथे हा त्रास निदान मला तरी टाळता आला नाही.

तीच ओळ त्याच कागदावर यात्रात छापली, तेव्हा एकही अक्षर तुटले नाही. त्याची सर्वांत बारीक रेघदेखील कुंचल्याने ओढल्यासारखी अंगाने भरलेली आहे. सलग मजकुरासाठी तो जड पडतो, म्हणून निमंत्रणाचा मुख्य मजकूर दुसऱ्या साध्या फॉन्टात लावावा लागला. परदेशातल्या नातेवाइकांसाठी केलेल्या इंग्रजी पानावर त्याची उलट्या झुकावाची रोमन अक्षरे एकदोघांना विचित्रही वाटली, आणि ते पान महत्त्वाचे असेल तर रोझाची रोमन अक्षरे अधिक रुळलेली वाटतील, हे खरे. पुस्तकाचे गुळगुळीत मुखपृष्ठ, ऑफसेट छपाई किंवा पडद्यावरचा मोठा मथळा असेल, तर रोझा घेऊ नका असे मी कुणालाही सांगणार नाही.

आमच्याकडे शेवटी पत्रिकेवर यात्रा आला आणि रोझा कार्यालयाच्या दाराशी लावलेल्या सहा फुटी फलकावर गेला. काकूंनी फलकाचे कौतुक केले आणि पत्रिका मात्र चष्मा न लावता वाचली.