रिको जीआर थ्री : समोरच्या माणसाच्या बाजूने लिहिलेला रिव्ह्यू

रिको जीआर थ्रीचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने पडलेत. शार्पनेस, डायनॅमिक रेंज, रंग कसे येतात, सगळं कोणी ना कोणी मोजून ठेवलंय, ते परत उगाळत नाही. मला वेगळंच काहीतरी लिहायचंय. हा कॅमेरा घेणारे बरेचसे लोक तो रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढायला घेतात, आणि अशा फोटोत दोन पार्ट्या असतात, एक कॅमेऱ्यामागे आणि एक पुढे, आणि पुढच्या पार्टीला कोणी विचारतच नाही की बाबा तुला हा कॅमेरा कसा वाटला. तर तिच्या बाजूने बघूया.

जुजबी माहिती आधी. एपीएस-सी सेन्सर (खिशातल्या कॅमेऱ्याच्या मानाने बराच मोठा), २४ मेगापिक्सल, २८ एमएम इक्विव्हॅलंट एफ २.८ लेन्स, म्हणजे वाइड, बरंच काही एका फ्रेममध्ये घेणारी, तीही फिक्स, झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, फ्लॅश नाही. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम. २०१९ मध्ये बाजारात आला. पँटच्या खिशात आरामात बसतो.

आता खिशात बसणं हा फोटो काढणाऱ्याचा फायदा. समोरच्याचं काय? मोठा डीएसएलआर आणि त्यावर ही एवढी लांब लेन्स दिसली की माणूस लांबूनच सावध होतो, कोणी बाजूला सरकतो, कोणी तोंडासमोर हात धरतो, कोणी उलट केस नीट करून उभा राहतो. ही सगळी उत्तरंच आहेत की! तोंडाने न दिलेली, पण उत्तरं. जीआर हातात असला की समोरच्याला ते उत्तर द्यायची संधीच मिळत नाही, कारण हा कॅमेरा आहे हेच मुळात लक्षात येत नाही. आणि याच गोष्टीचं सगळे रिव्ह्यूवाले 'स्टेल्थ', म्हणजे गुपचूपपणा, म्हणून भरभरून कौतुक करतात.

हा सोस काही आजचा नाही म्हणा. प्रसिद्ध फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चमकणारे भाग काळ्या टेपने झाकायचा. अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, कोटाच्या आत कॅमेरा लपवून आणि बाहीतून शटरची केबल ओढून समोर बसलेल्या लोकांचे फोटो काढले. पण त्याने ते पुस्तक म्हणून आणले थेट १९६६ मध्ये, म्हणजे मध्ये जवळपास पाव शतक गेलं. आपण मात्र घरी पोचायच्या आत अपलोड करून मोकळे.

स्नॅप फोकस. या कॅमेऱ्याचं सगळ्यात भारी फीचर, यात वादच नाही. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, एक मीटर, दीड, दोन, जे काय असेल ते, आणि शटर एकदम पूर्ण दाबलं की ऑटोफोकसच्या भानगडीत न पडता कॅमेरा त्या अंतरावर फोटो घेतो. झटक्यात. समोरच्याची नजर वर यायच्या आत काम झालेलं असतं. त्यात लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर, त्याचा आवाज जवळपास नाहीच. दक्षिण कोरियात २००४ पासून फोनच्या कॅमेऱ्याला शटरचा आवाज सक्तीचा केलाय, जपानमध्येही फोन कंपन्या तो बंद करू देत नाहीत, आणि कारण हेच की लोकांचे नकळत फोटो काढले जात होते. खऱ्या कॅमेऱ्याला मात्र अशी सक्ती नाही. मी मेन्यूतला आवाज चालू ठेवलाय, त्यावरून मित्र हसतात, हसू देत.

आता जिथे हा कॅमेरा समोरच्याला मान देतो ते सांगतो. २८ एमएम! ७०-२०० एमएमची लांबची झूम लेन्स लावून रस्त्याच्या पलीकडून कोणाचाही पोर्ट्रेट काढता येतो आणि त्याला जन्मात कळत नाही. २८ वर माणूस फ्रेममध्ये नीट भरायचा असेल तर दीडेक मीटरपर्यंत जावंच लागतं, आणि तेवढ्या अंतरावर तो तुमचा चेहरा बघू शकतो, ओरडू शकतो, हसू शकतो, नको म्हणू शकतो. व्ह्यूफाइंडर नाही म्हणून लोक कुरकुरतात, पण त्याच्यामुळेच तुमचं तोंड कॅमेऱ्यामागे लपत नाही. स्क्रीनही फिक्स आहे, कमरेपाशी तिरकी करून खाली बघत चोरून काढायची सोय नाही. या गोष्टी कंपनीने कोणाच्या प्रायव्हसीसाठी केल्या असतील असं मला अजिबात वाटत नाही, पण झालंय खरं चांगलं.

फक्त वाइड लेन्सची दुसरी बाजू अशी की फ्रेमच्या कडेला चार लोक उगाच येतात आणि त्यांना आपण फोटोत आहोत याचा पत्ताच नसतो. २४ मेगापिक्सलमध्ये क्रॉप केलं तर मागच्या बाकावरच्या माणसाचा चेहराही ओळखू येतो.

इथे नेहमीचं वाक्य येतं, सार्वजनिक जागेत कसली आलीय प्रायव्हसी. मला हे कधीच पूर्ण पटलं नाही. बसस्टॉपवर उभी असलेली बाई त्या स्टॉपवरच्या दहा लोकांना दिसायला तयार असते, तेही बस येईपर्यंत. जगातल्या कोणालाही, कायमची, शोधता येईल अशी दिसायला ती तयार आहे असं तिने कधी सांगितलं? आणि शोधता येतंच, पिमआयजसारख्या साइटवर एक चेहरा टाकला की तोच चेहरा नेटवर अजून कुठे कुठे आहे ते समोर येतं. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लांब येऊन राहिलेली असेल ती, आपल्याला काय माहीत, आपल्याला फक्त लाइट छान दिसला.

कायद्याचं म्हणाल तर जागोजागी वेगळं. जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे, ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायचा तर संमती लागते, अपवाद आहेत पण मूळ नियम हा. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये क्यूबेकमधल्या एका केसमध्ये, पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता मासिकात छापला म्हणून तिला भरपाई मंजूर केली. आणि न्यूयॉर्कमध्ये २००६ साली कोर्टाने उलट बाजू घेतली, फोटोग्राफर फिलिप-लॉर्का दिकोर्सियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत काढलेले पोर्ट्रेट ही कला आहे असं म्हणून केस फेटाळली. म्हणजे कायद्यात बसतं का याचं उत्तर नकाशावर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे, पण समोरचा माणूस अवघडला का याचं उत्तर सगळीकडे त्याच्या तोंडावर असतं.

मी स्वतः कसा वापरतो ते सांगतो, पटलं तर घ्या. आधी विचारलं की क्षण जातो हे मला मान्य आहे, म्हणून दर वेळी आधी विचारत नाही. कॅमेरा छातीसमोर, दिसेल असा. काढला की लगेच नजरेला नजर, मान हलवायची, आणि शक्य असेल तर जाऊन स्क्रीनवर फोटो दाखवायचा. आवडला तर वायफायने फोनवर घेऊन तिथेच त्यांना पाठवतो, नको म्हटलं तर त्यांच्या समोर डिलीट, वाद घालायचा नाही, हक्कबिक्क सांगत बसायचं नाही. आता डिलीट केलेलं कार्डमधून सॉफ्टवेअरने परत काढता येतं हे मला माहितीये, कॅमेऱ्यात वेगळी २ जीबी इंटर्नल मेमरी आहे तेही, समोरच्याला यातलं काही कळत नाही, तो नुसता विश्वास ठेवतो. मग तो मोडायचा नाही, विषय संपला. झोपलेला माणूस नको म्हणू शकत नाही म्हणून झोपलेल्यांचे फोटो बंद. रडणारे, हॉस्पिटलच्या दारातले, एकटी मुलं, हेही नाही. फोनच्या ॲपमधून फोटोला लोकेशन लागू शकतं, ते बंद ठेवा आणि पोस्ट करायच्या आधी एकदा तपासा.

काढणाऱ्याच्या बाजूने पाचपैकी साडेचार, अर्धा बॅटरीचा कापला, एका चार्जला साधारण २०० फोटो हे कंपनीचाच आकडा सांगतो. समोरच्याच्या बाजूने अडीच, आणि ते अडीचही जवळजवळ सगळे २८ एमएमचे.

याचाच भाऊ जीआर थ्री एक्स घेऊ का, असं बरेच जण विचारतात. २०२१ मध्ये आलेला तो ४० एमएमवाला, पोर्ट्रेटसाठी छानच आहे आणि चेहऱ्यांचा आकारही जास्त नैसर्गिक येतो. पण त्यावर तेवढीच फ्रेम दोन पावलं मागे उभं राहून मिळते, आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांसाठी मला ती दोन पावलं पुढे जावं लागणारा कॅमेराच बरा वाटतो. घरच्यांचे, मित्रांचे फोटो जास्त काढत असाल तर खुशाल थ्री एक्स घ्या.