बर्डीवरचं मोबाइलचं दुकान: तारीख नाही, नंबर देतात

पोरीला नवीन निघालेलाच फोन पाहिजे होता, तोही निळा, २५६ जीबीचा. लाँच होऊन चारच दिवस झालेले. एका मोठ्या दुकानात म्हणाले, "आहे ना मॅडम, पण सोबत कव्हर, इअरबड्स आणि इन्शुरन्स घ्यावं लागेल." साडेचार हजारांचा भुर्दंड! मला फार राग आला. माल कमी आहे म्हणून गिऱ्हाइकाची अशी अडवणूक करायची?

मग नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मेन रोडच्या आतल्या गल्लीतल्या, आमच्या दिरांच्या ओळखीच्या दुकानात गेले. जेमतेम दहा बाय बाराचं. काउंटरवरच्या भाऊंनी सरळ सांगितलं, "ताई, तारीख देत नाही, नंबर देतो. तुमचा अकरावा." लांबट लाल वही उघडून माझ्यासमोर नाव, रंग, जीबी आणि दोन हजारांचं बुकिंग लिहिलं. वरच्या दहांपैकी चौघांपुढे टिक झालेली दिसत होती.

माल इतका कमी का येतो, हे त्यांनी चहा पाजून समजावलं. तीन रंग, दोन स्टोरेज, म्हणजे एकाच फोनचे सहा प्रकार. पहिल्या खेपेला दुकानाला आले आठ डबे, त्यात माझ्यासारखा निळा एकच. शिवाय नव्या मॉडेलमधला एखादा भाग पहिल्यांदाच बनत असतो, सुरुवातीला त्यातले बरेच नग खराब निघतात. २०१७ च्या आयफोन टेनचं तेच झालं. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचे भाग पुरेसे बनेनात, आणि त्याची ओएलईडी स्क्रीन देणारी कंपनी एकच, सॅमसंग. "एक भाग अडला की अख्खा फोन अडतो, ताई." २०२२ च्या शेवटी चीनमधल्या झेंगझोऊचा आयफोन बनवणारा कारखाना कोरोनाच्या निर्बंधांमुळे विस्कळीत झाला, तेव्हा आयफोन १४ प्रोसाठी लोक आठवडेच्या आठवडे थांबले होते. आणि सगळी झुंबड पहिल्या महिन्यातच असते. तेवढ्यासाठी कोण कारखाना वाढवेल?

नवव्या दिवशी फोन आला, "ताई, निळा आला." सील माझ्यासमोर तोडलं, आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असलेला ओळख क्रमांक, बिलाशी जुळवून दाखवला. ठरलेलीच किंमत, कव्हरचा आग्रह नाही. माझ्या आधीच्या एकाने कंटाळून बुकिंग सोडलं होतं, त्याचे दोन हजार पूर्ण परत दिलेले वहीत दिसले.

लाँचच्याच दिवशी फोन हवा असेल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही. स्क्रीनगार्डही इथे लावून मिळत नाही, ते बाहेरून लावावं लागलं. रविवारी गाडी घेऊन जाऊ नका, जागा मिळत नाही. मेट्रोने सीताबर्डीला उतरून चालत जा.