तारण गमावता येतं का? दोन बाजू

ख्रिस्ती श्रद्धेतलं तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, एकदा मिळालं की कायमचं, की शेवटपर्यंत विश्वासात टिकण्याच्या अटीवर? 1610 मध्ये नेदरलँड्समधल्या आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी हा प्रश्न खुला ठेवला. 1618-19 च्या डॉर्ट इथल्या प्रोटेस्टंट धर्मसभेने ‘कायमचं’ असा कौल दिला.

या कौलाचा भक्कम आधार म्हणजे बायबलमधलं योहान 10:28-29. येशूच्या हातातून त्याची मेंढरं, म्हणजे त्याचे अनुयायी, कोणीही हिसकावून घेणार नाही, आणि पुढच्याच ओळीत पित्याचाही हात येतो. म्हणजे खात्रीचा भार माणसाच्या पकडीवर नाहीच. रोज स्वतःचा विश्वास चाचपत बसणाऱ्याला याहून मोठा दिलासा मला दिसत नाही.

दुसरी बाजू इब्री 6:4-6 पुढे करते. तिथे पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले लोकही पतित होण्याचा इशारा आहे. ‘ते मुळात खरे विश्वासणारे नव्हतेच’ हे नेहमीचं उत्तर मला ओढूनताणून आणलेलं वाटतं. इशारा गंभीरपणेच घ्यायला हवा.

तरी माझा कल पहिल्या बाजूकडे. विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावं, म्हणूनच पत्र लिहिल्याचं 1 योहान 5:13 सांगतं. अर्थात त्याच पत्रात, 3:14 मध्ये, प्रीती न करणारा मरणातच राहतो, हेही आहे.