भाव ग्रामचा होता: सांधेदुखीच्या औषधात माझे ४०,९०० रुपये गेले

आधी आकडे. नाडी बघायचे ३००, चूर्णांचे ३१,०००, नंतर कुरिअरने आलेल्या गोळ्यांचे ९,६००. एकूण ४०,९०० रुपये. पणजीत खासगी कंपनीत बिलिंगला बसणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीसाठी ही रक्कम म्हणजे काय, ते नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

जडीबुटीचा भाव ग्रामचा आहे हे न सांगता नुसता आकडा सांगायचा, कुटून झालं की परत घेत नाही म्हणायचं, ही युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. मलाही होती. बेंगळुरूत गुडघ्याला नळी लावून ‘पू’ ओढून काढणारे आणि थेंबागणिक पैसे लावणारे, ह्यांच्याही बातम्या वाचल्या होत्या. तेव्हा ‘माहीत नव्हतं का गं?’ हे मला विचारू नका. माहीत असून फसता येतं, आणि ते कसं, तेवढ्यासाठीच हे लिहितेय.

दुखणं खरं होतं. हे ठासून सांगावं लागतंय, कारण ते खोटं म्हणणारे घरातच होते. सकाळी दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायचा तेव्हा माझी बोटं वळत नसत. मूठ मिटायची नाही, टूथपेस्टचं झाकण फिरायचं नाही, नळ आई सोडून द्यायची. स्कूटरचा ब्रेक दाबता येत नाही म्हणून मी कदंबाच्या बसने जाऊ लागले. पणजी येईपर्यंत हात थोडे सैल व्हायचे आणि दुपारी मी चारचौघींसारखी टाइप करत असायची. मग संध्याकाळी ‘सकाळी फार दुखतं’ म्हटलं की कोण ऐकणार? ‘ह्या वयात कसली सांधेदुखी?’ ‘मोबाइल ठेव बाजूला.’ ‘लग्न झालं की कामात विसरशील.’ जवळच्या डॉक्टरांनी चिकुनगुनिया होऊन गेला का विचारलं, नाही म्हटल्यावर वेदनाशामक गोळी आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं. रक्त तपासायला कोणी सांगितलं नाही.

अशात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक बाई भेटली. मी पिशवी बोटांनी न धरता मनगटावर अडकवली होती, ते तिने हेरलं. ‘बाय, हाताला काय झालं गो? सकाळी वळत नाहीत ना?’ सकाळी! हा शब्द तिच्या तोंडून आधी आला. तिच्या भाचीला माझ्याच वयात हेच झालं होतं म्हणे. ‘लोकांना वाटतं म्हाताऱ्यांचा रोग. तसं नसतं.’ मला अक्षरशः रडू आलं. तिने काही विकलं नाही, नंबर मागितला नाही, सोबतही आली नाही. वैद्याचा पत्ता तोंडी सांगितला आणि मासळी बाजाराकडे निघून गेली. ती सोबत आली असती तर मला शंका आली असती. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

दुकान नवीन होतं. नावाची पाटी कापडी, भिंतीवर धन्वंतरीचा फोटो. वैद्य म्हणवणाऱ्या माणसाने नाडी धरली आणि ‘आमवात’ म्हणाला. हे निदान खोटं नव्हतं, ह्याचाच मला जास्त राग येतो. कागदावर तीन नावं लिहून त्याने शेजारच्या काउंटरवर पाठवलं. तिथल्या पोराने भाव सांगितले, पासष्ट, एकशे दहा, एकशे नव्वद. मी बिलिंग करते, बेरीज आपोआप होते. ३६५. वर्षाला पुरलं तर दिवसाला रुपया, असा विनोदही मनात केला.

आणि काउंटरवर काटा कसला होता? काचेच्या पेटीतला, सोनाराकडे असतो तसला.

मी तो पाहिला होता. नीट पाहिला होता. पेटीचं दार सरकवून तो पोरगा चिमटीने भुकटी टाकत होता आणि आकडा दशांशात हलत होता. जडीबुटीच्या दुकानात सोनाराचा काटा कशाला लागतो? नारळाच्या, मिरचीच्या बाजारातून मी तिथे गेले होते, बाहेर सगळीकडे किलोचे काटे. आजही रात्री दोन वाजता जाग आली तरी ती काचेची पेटी दिसते. पण त्या क्षणी ‘किती काळजीने मोजतात’ एवढंच वाटलं. कारण मागे आत बसलेल्या माणसाने माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवला होता, आणि असा माणूस मला बऱ्याच काळात भेटला नव्हता. तिथे तुम्ही असतात तर काटा बघून उठला असतात, हे म्हणणं सोपं आहे.

पोराने विचारलं, ‘कुटून देऊ ना?’ मी हो म्हटलं. तिन्ही एकत्र कुटून झाल्यावर बिल आलं. पहिलं १२० ग्राम, ७,८०० रुपये. दुसरं १२० ग्राम, १३,२००. तिसरं ६० ग्राम, ११,४००. एकूण ३२,४००. तोंड उघडलं तर तिघेजण भोवती. ‘ताई, आता हे दुसऱ्याला देता येत नाही, तुमच्या नाडीप्रमाणे बनवलंय.’ मेहरबानी म्हणून १,४०० कमी केले. १८,५०० यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावर. उरलेले १२,५०० एटीएममधून काढून रोख, काढताना एक पोरगा शेजारी उभा. छापील पावती मिळाली नाही. कोणतीही पुडी खलात पडण्याआधी एकूण रक्कम कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर उठा, पायात चपला न घालता उठा.

इथवर ऐकून लोक म्हणतात, मग परत ९,६०० कशाला दिलेस? कारण औषध लागू पडलं, म्हणून. चूर्णाबरोबर ‘पूरक’ म्हणून पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली होती, नाव-गाव नसलेली. एक-दोन दिवसांतच सकाळी मूठ मिटली. नळ मी उघडला. भूक सुटली, गाल भरले, आई म्हणाली तब्येत सुधारली. गोळ्या संपत आल्या तेव्हा फोन केला, ९,६०० पाठवले, कुरिअर आलं. ह्यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. ज्या औषधाने बरं वाटतं ते माणूस परत घेतोच.

दुसरी खेप संपली तेव्हा फोन बंद, दुकानाला कुलूप. गोळ्या एकदम थांबल्या आणि मी आडवी झाले. सांधे आधीपेक्षा सुजले, चक्कर, उलट्या, अंगात त्राण नाही. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझा गोल झालेला चेहरा बघून पहिला प्रश्न विचारला, ‘कुठली पांढरी गोळी घेत होतीस?’ लक्षणं स्टिरॉइडची होती. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, मग ते अचानक तोडलं की जिवावर बेततं. म्हणून अशा गोळ्या कोणी घेत असाल तर हे वाचून आज रात्री फेकून देऊ नका, उरलेल्या गोळ्या घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. आणि जुन्या सांधेदुखीला दोन दिवसांत जादू झाली तर आनंदू नका, संशय घ्या. रक्ताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ह्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे तो वैद्य म्हणाला तो आमवातच. विशीतही होतो, बायकांना जास्त होतो, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकणं ही त्याची ठळक खूण. आता मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, त्याचा गुण यायला आठवडे लागतात आणि ते फार स्वस्त आहे. ह्या वाक्यातला शेवटचा भाग लिहिताना हात थरथरतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलिस स्टेशनात पहिला प्रश्न, ‘पैसे कोणी ओढून घेतले का?’ नाही. ‘मग व्यवहार झाला.’ शिवाय तुमचं घर डिचोलीकडे, दुकान म्हापशात, तिकडे जा. तिकडे गेले तर तुमच्या हद्दीत द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यायची असते. मी प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली. ‘वकील आहात का?’

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. यूपीआय असलं तरी समोरासमोर दिले म्हणून १८,५०० सायबरमध्ये बसत नाहीत, ९,६०० बसतात म्हणे. नोंद क्रमांक मिळाला, पुढे शांतता. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने दुकानदाराचं नाव आणि पत्ता मागितला. तो माझ्याकडे असता तर मी फोन कशाला केला असता? घरमालक म्हणतो भाड्याचा करारच नव्हता, रोख घेतलं.

मग आणखी एका सरकारी कार्यालयात गेले. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, घटक छापलेले असावे लागतात, ही पुडी तर कोरी, एवढं मला वाचून कळलं होतं. तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवून दिलं तर त्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही. मी म्हटलं, मग तो वैद्य आहे का, ते कोण बघणार? ‘ते आमच्याकडे येत नाही.’ कोणाकडे येतं? ‘अर्ज करा.’ कोणाला? त्यावर त्यांनी चहा मागवला, स्वतःसाठी. १९५४ चा एक कायदा आहे, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरचा. त्याच्या यादीत संधिवात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ‘संधिवात मुळापासून बरा’ असा कापडी फलक भर बाजारात लावणं हाच गुन्हा. तो फलक दुकान चालू असेपर्यंत तिथे होता, त्याखालून गणवेशातले किती लोक गेले असतील! फलकाचा फोटो मी काढला नव्हता. तुम्ही काढा. दुकानाचा, काट्याचा, पैसे ज्याच्या नावावर गेले त्या स्क्रीनचा, सगळ्यांचा.

निघताना एका हवालदारानेच हळूच सांगितलं, अजून कोणी असेल तर घेऊन या, एकटीचं कोण बघत नाही. म्हणून विचारते. म्हापशात, किंवा मडगाव-फोंड्याच्या बाजारात, ‘माझ्या भाचीला हेच होतं’ म्हणणारी पन्नाशीची बाई कोणाला भेटली असेल, आणि पुढे काचेच्या पेटीतल्या काट्यावर चूर्ण मोजून मिळालं असेल, तर यूपीआयची नोंद जपून ठेवा आणि मला कळवा. लाजू नका. माझी नोंद क्रमांकासह तयार आहे, तुमची जोडून एकच अर्ज देऊ.