सकाळी अकराला सगळे शांत बसले होते : डिमेन्शिया केअर होममध्ये 5,83,350 रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. चार महिन्यांत भरले 6,25,850 रुपये, परत आले 42,500. ठरलं होतं महिना 45,000 'सगळं धरून' आणि 3,00,000 डिपॉझिट, 'पूर्ण रिफंडेबल'. आणि मी कोण? नोकरीभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचून काढणारा माणूस.

डिपॉझिट कसं अडकवतात, बिल कसं फुगवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या धंद्यात त्यांना एक जादा सोय असते. ज्याचे हाल होतात त्याला सांगता येत नाही, आणि त्याने सांगितलंच तर घरचेच म्हणतात, आजारामुळे बोलतायत. आमच्या घरातले पेशंट म्हणजे अण्णा. ते दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले होते, "इथे कोंडतात." आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली आणि विषय बदलला.

जागा बघायला गेलो ती वेळ त्यांनीच दिलेली, शनिवारी सकाळी अकरा. हॉलमध्ये बारा-तेरा जण खुर्च्यांवर. टीव्ही चालू, बघत कुणीच नाही. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी दाराशी घुटमळत नव्हतं, कुणी "घरी जायचंय" म्हणत नव्हतं. मी बायकोला म्हणालो, "किती शांत आहेत गं सगळे!" हे वाक्य आठवलं की अजून झोप उडते. ज्या आजारात माणूस दहा मिनिटं एका जागी टिकत नाही, त्याचे बारा पेशंट भर सकाळी हनुवटी छातीला टेकवून बसले असतील तर तिथे प्रेमळ वातावरण नसतं, तिथे गोळ्या असतात. एका आजोबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली होती आणि वाळून पांढरी झाली होती. म्हणजे बराच वेळ कुणी पुसली नव्हती. भिंतीवर 'आज वार' असा मोठा रंगीत बोर्ड होता, त्यावर मंगळवार. पेशंटला दिवसाचं भान राहावं म्हणून लावलेला बोर्ड चार दिवस कुणी हलवलेला नाही, हेही मी पाहिलं. मनात म्हटलं, राहिलं असेल बदलायचं.

आमची बाजूही ऐका. अण्णांनी रात्री दोनदा गॅस उघडा ठेवला होता, एकदा पहाटे बाहेर पडून हायवेपर्यंत गेले होते. घरातलं कुणी महिनोन्‌महिने सलग झोपलेलं नव्हतं. त्यात समोरचा सांगतो, एकच बेड आहे, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. अशा वेळी माणूस बोर्डावरचा वार बघत नाही. बघायला हवा होता, हे मान्य.

जायचं असेल तर संध्याकाळी सहा ते आठमध्ये, न कळवता जा. अंधार पडताना या पेशंटांची घालमेल वाढते, आणि नेमकी तेव्हाच बहुतेक ठिकाणी ड्यूटी बदलते. आम्ही तिसऱ्या महिन्यात एकदा सव्वासातला गेलो. चौदा पेशंटांना एक मुलगा, तो मोबाइलवर, आणि दोन खोल्यांना बाहेरून कडी. आत्ता आत आग लागली तर? 'तिघांमागे एक अटेंडंट' हे त्यांचं प्रमाण दिवसाचं होतं, आणि त्यात स्वयंपाकीण, ड्रायव्हर, रिसेप्शनची मुलगी सगळे मोजलेले. रात्रीचं हजेरी रजिस्टर मागा, नावानिशी. 'आणून देतो' म्हणाले की समजा.

'मेमरी केअर' या शब्दाला भुलू नका, बोर्डावर कुणीही लिहू शकतं. आमच्याकडून 'मेमरी असेसमेंट'चे 15,000 वेगळे घेतले. ती होती तीस मार्कांची नेहमीची प्रश्नावली, आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा वगैरे. दहा मिनिटांचं काम, आणि न्यूरॉलॉजिस्टने दोन महिन्यांपूर्वीच केलेलं. रिपोर्ट आमच्या फाइलमध्येच होता.

आता गोळ्या. अण्णा आत गेले तेव्हा डोनेपेझिल 10 मिलिग्रॅम आणि मेमॅन्टिन 10 दोनदा, ही डिमेन्शियाची नेहमीची औषधं, एवढंच चालू होतं. बाहेर काढताना औषधांच्या चार्टवर क्वेटियापिन निघालं, म्हणजे मनोविकारावरचं, गुंगी आणणारं औषध, रात्री 25 ने सुरू करून सकाळी 50, रात्री 100 पर्यंत नेलेलं. आम्हाला एक फोन नाही, लेखी संमती नाही. असं औषध कधीच देऊ नये असं नाही, पेशंट मारायला उठतो, भास होतात, तेव्हा डॉक्टर थोड्या काळासाठी देतात. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच छापायला लावला आहे. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारखं याच गटातलं इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. सारखी झोप, अंग ताठ, पाय घासत चालणं, पडणं, घास तोंडातच धरून ठेवणं, यातलं काहीही नवीन दिसलं तर 'आजार वाढला' हे उत्तर घेऊ नका. औषधांचा मूळ चार्ट बघा, त्याचा फोटो काढा. एकाएकी बदल असेल तर लघवीची तपासणी करायला लावा, जंतुसंसर्गानेही हे पेशंट एका रात्रीत बदलतात.

वजनाचं तेच. नोंदवहीत चारही महिने 61.5 किलो, बदल शून्य. घरी आणून काट्यावर उभं केलं, 54.8. महिन्यात पाच टक्के घट झाली तरी ती धोक्याची समजतात. वजन करताना स्वतः उभे राहा, काटा आपला न्या.

महिन्याच्या 45,000 शिवाय लावलेल्या जादा बिलांचे आकडे क्रमाने 14,200, 21,850, 23,400 आणि 41,400. तिसऱ्यात डायपर 186 नग, म्हणजे रोज सहा गुणिले एकतीस. रोज सहा डायपर बदलणाऱ्या माणसाच्या जांघेत कातडी सोलवटत नाही. मग आम्ही डायपर स्वतः आणून प्रत्येकाच्या कडेला पेनाने तारीख घातली, तर रविवारी संध्याकाळी अंगावर शनिवारची तारीख. फिजिओथेरपी 20 सेशन, 450 प्रमाणे 9,000. त्यातल्या एका सेशनच्या दिवशी अण्णा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आमच्याबरोबर दाताच्या डॉक्टरकडे आणि घरी होते. तरी सही आहे! वीसही सह्या एका पेनाच्या, एका बैठकीत ओढलेल्या. चौथ्या महिन्यात 'वन-टू-वन अटेंडंट' 18,000. तो माणूस आम्हाला एकदाही दिसला नाही.

अ‍ॅग्रीमेंट सतरा पानी होतं, सही करायला वीस मिनिटं दिली. डिपॉझिट 'रिफंडेबल' पान दोनवर, कपात पान चौदावर. नोटीस पिरियड 90 दिवस, 1,35,000. त्या तीन महिन्यांचा अटेंडंट, जो तेव्हाही नव्हता आणि आता पेशंटही नव्हता, 54,000. खोलीची दुरुस्ती 38,500. प्रशासकीय खर्च 30,000. उरले 42,500. अ‍ॅडमिशनचे वेगळे 30,000 मात्र ट्रस्टच्या पावतीवर 'ऐच्छिक देणगी' म्हणून घेतलेले, आणि करार दुसऱ्याच कंपनीच्या नावे. पैसे एकाकडे, जबाबदारी दुसऱ्याकडे. पावती, करार आणि बँक खातं ही तिन्ही नावं एकच आहेत का, एवढं तपासायला अक्कल लागत नाही. मला तीही नव्हती.

आणि आता सरकारी फेऱ्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी "हे सिव्हिल मॅटर आहे", तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच द्यायला नको होती. कडी आणि गोळ्यांचं सांगितलं तर "मारहाणीच्या खुणा आहेत का?" वृद्धाश्रमांचं बघणाऱ्या कार्यालयात म्हणाले, तिथे औषधोपचार चालतात, आरोग्य खात्याकडे जा. आरोग्य खात्यात म्हणाले, ते नर्सिंग होम म्हणून नोंदलेलंच नाही, मग आम्ही काय तपासणार? म्हणजे नोंदणी नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून कारवाई नाही! महापालिकेत एकाने दुकान-आस्थापनेचा परवाना कॉम्प्युटरवर दाखवला आणि "सगळं रीतसर आहे" म्हणून मलाच समजावलं. रीतसर! किराणा दुकानाला लागतो तोच कागद. सात फेऱ्या, तीन झेरॉक्स संच, आणि प्रत्येक टेबलावर अण्णांना बरोबर आणलंय का ही विचारणा. ज्यांना आपलं नाव आठवत नाही त्यांनी जबाब द्यायचा. एका टेबलावर तर ऐकलं, "एवढं होतं तर घरीच का नाही ठेवलं?" पगार घेऊन हे बोलतात.

ग्राहक आयोगाचा रस्ता तरी उघडा आहे. 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आमची वर गेली म्हणून 200 रुपये. एक खाच मात्र कुणी सांगत नाही. अवाजवी डिपॉझिट मागणारा करार 'अन्याय्य करार' ठरू शकतो, पण ते कलम रद्द करून हवं असेल तर जिल्हा आयोग ते ऐकत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. सेवेतली त्रुटी म्हणून पैसे मागायचे असतील तर जिल्हा पुरे. आमचे तीन आठवडे हे कळण्यात गेले. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. सगळं लेखी, फोनवर काही नाही.

42,500 च्या चेकबरोबर 'फुल अँड फायनल' असं छापलेलं पत्र होतं, खाली सहीची जागा. तिथे सही करू नका. आम्ही 'हक्क राखून, निषेधासह स्वीकारले' असं रजिस्टर्ड पोस्टाने कळवलं आणि मगच चेक भरला. त्या पत्राला उत्तर नाही. नातेवाइकांच्या ग्रुपमधून मला काढायचं मात्र ते विसरलेत. रोज सकाळी सात वाजता सूर्योदयाचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, 'आपली माणसं, आपुलकीच्या हातात.'