तुर्कमेनिस्तानची गाइडसह सहल : तीन दिवसांची नको, सात दिवसांची घ्या

आजवरच्या पद्धतीप्रमाणे तुर्कमेनिस्तानचा पर्यटक व्हिसा हवा असेल, तर तिथल्या पर्यटन कंपनीची सहल घ्यावीच लागते. निमंत्रणपत्र तीच काढते आणि गाइडही तीच देते. पत्राला काही आठवडे लागतात, कधी कारण न देता नकारही येतो. म्हणून पत्र हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं विमान तिकीट काढू नका. पत्र आलं की सीमेवरच व्हिसा मिळतो. शुल्कासाठी कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा ठेवा.

सर्वाधिक खपतं ते राजधानी अश्गाबात आणि दर्वाझाचं जळतं वायुविवर एवढंच दाखवणारं तीन दिवसांचं पॅकेज. त्यात देश दिसतच नाही. ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात अश्गाबात जमीनदोस्त झालं आणि आजची पांढरी संगमरवरी राजधानी १९९१ च्या स्वातंत्र्यानंतरची. देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काराकुम वाळवंटाने व्यापलाय. इथला इतिहास घडला तो पाण्याच्या काठाने, म्हणून सहलही पाण्याच्या मागाने आखलेली हवी.

उझबेकिस्तानातल्या खिवाकडून दाशोगुझला शिरायचं आणि फाराबमार्गे बुखाऱ्याकडे बाहेर पडायचं, हा मार्ग सर्वांत सरस. तोच रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही. पहिला मुक्काम कुन्या-उर्गेंच, ख्वारझम या मध्ययुगीन राज्याची जुनी राजधानी. इथला ६० मीटरचा कुतलुग तिमूर मिनार मंगोल आणि तैमूर या दोघांच्या स्वाऱ्यांनंतर उरलेल्या गावाची साक्ष देतो. अमूदर्या नदीने पात्र बदललं आणि गाव मागे पडलं.

दर्वाझाच्या जळत्या विवराकडे जाणारा रस्ता खड्ड्यांचा आणि शेवटचा टप्पा वाळूचा. पॅकेजमध्ये ‘फोर बाय फोर’ असं लेखी घ्या. साधी गाडी वाळूत रुतते. विवर साधारण ७० मीटर रुंद आहे, पण गेल्या काही वर्षांत ज्वाळा बऱ्याच मंदावल्यात. जुने फोटो पाहून अपेक्षा ठेवू नका. यर्टमध्ये, म्हणजे गोल तंबूत, मुक्काम कराच, एप्रिल-ऑक्टोबरातही रात्री जाड जाकीट लागतं.

अश्गाबातला एक दिवस पुरे. त्यातला अर्धा निसासाठी ठेवा. प्राचीन इराणच्या पार्थियन राजांच्या या किल्ल्यात सापडलेली हस्तिदंती पानपात्रं राजधानीच्या संग्रहालयात आहेत. काराकुम कालव्याने १९६२ मध्ये अमूदर्याचं पाणी इथवर आणलं, हे गाइडकडून नकाशावर समजून घ्या.

मेर्व या रेशीम मार्गावरच्या प्राचीन शहरासाठी अख्खा दिवस मागा. बहुतेक कंपन्या दोन तासांत सेल्जुक सुलतान संजरची कबर दाखवून उरकतात. इथं एकाच जागी थरावर थर नाहीत. एर्क-काला, ग्याउर-काला, सुलतान-काला अशी शहरं एकमेकांशेजारी पसरलीत. मंगोलांनी १२२१ मध्ये मेर्व उद्ध्वस्त केलं. गाडीशिवाय या शहरांमधलं अंतर झेपत नाही.

गाइडला राजकारणाचे प्रश्न विचारू नका, उत्तराची किंमत त्याला मोजावी लागू शकते. २०२२ पासून सर्दार बेर्दिमुहामेदोव राष्ट्राध्यक्ष आहेत, तर वडील गुर्बांगुली २०२३ पासून ‘हल्क मस्लाहाती’ या सर्वोच्च लोकपरिषदेचे अध्यक्ष, एवढं आधीच वाचून जा. सरकारी इमारती आणि पोलिसांचे फोटो टाळा. व्हॉट्सअ‍ॅप तिथे सहसा चालत नाही, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच ठरवावं. तंदुरी चोरेक रोटी आणि पालेभाजी भरलेलं गुताप मिळतं, पण पुलाव ‘बिनमांसाचा’ म्हणून सांगितला तरी मांसासोबत शिजलेला असतो.