ट्रेलरमधला फ्रिज गार होत नाही: जुना दुरुस्त करायचा की १२ व्होल्टचा बसवायचा?

अमेरिकेत जुना कॅम्पर ट्रेलर घेतलेल्या आपल्या मंडळींची उन्हाळ्यात एक ठरलेली तक्रार असते: फ्रीझरमध्ये बर्फ जमतो, पण खाली ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी नासतं. मग विचार सुरू होतो की हा गॅसवरचा फ्रिज काढून बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवावा का. माझं मत स्पष्ट आहे. जुन्या फ्रिजचं कूलिंग युनिट, म्हणजे गार करणाऱ्या बंद नळ्यांचा संच, शाबूत असेल तर तो काढू नका. तेच गेलं असेल तर त्यात पैसे घालू नका. त्यामुळे आधी निदान, मग खरेदी.

जुना फ्रिज ॲब्सॉर्प्शन पद्धतीचा असतो. प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना केली. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खालून प्रोपेनची ज्योत किंवा १२० व्होल्टच्या घरगुती विजेवरचा हीटर आच देतो. अमोनिया उकळून वर जातो, मागच्या जाळीत निवतो आणि आपल्याच वजनाने खाली उतरतो. पंप नाही, त्यामुळे ट्रेलर कलता उभा राहिला की द्रव वाटेत अडकतो. मागची ऊन हवा छतावरून निघाली नाही की आतला थंडावा पडतो. शिवाय हा फ्रिज सावकाश गार होतो. निघायच्या आदल्या दिवशीच चालू करावा लागतो.

निदानासाठी ट्रेलर नीट लेव्हलमध्ये उभा करा, फ्रिज १२० व्होल्टवर लावा आणि पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दिवसभर दार उघडू नका. पाणी ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली आलं तर युनिट चांगलं आहे. गॅसवर मात्र गार होत नसेल, तर दोष बर्नरकडे आहे.

बर्नरची तपासणी मनापासून करा, कारण बहुतेक वेळा घोडं तिथंच अडतं. गॅस आणि वीज बंद करून बाहेरचं खालचं झाकण काढा. कोळी बर्नरच्या नळीत शिरतात आणि जाळं विणतात. वरच्या धुरांड्यातून गंजाचे पापुद्रे खाली पडतात. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी असेल तर हवा आणि गॅसचं प्रमाण बिघडलंय. नळी ब्रशने झाडा. गॅसच्या बारीक छिद्रात मात्र सुई घालू नका, छिद्र मोठं होतं. ते छिद्र असलेला भाग सोडवून अल्कोहोलमध्ये भिजवा आणि वाळू द्या. आणखी एक, यलोस्टोनसारख्या ६००० फुटांहून उंच जागी विरळ हवेत बर्नर रडतो, तिथं बिघाड नसतानाही फ्रिज कमी गार होतो.

गॅस आणि वीज दोन्हींवर थोडंथोडंच गार होत असेल तर दाराच्या रबरात कागद अडकवून बघा. सहज सुटला तर रबर गेलं. मागे १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा आणि फ्रिजची बाजू सावलीत येईल असा ट्रेलर उभा करा. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

पण खाली हीटरजवळ चांगली आच लागतेय, वर गारवा अजिबात नाही, मागे पिवळी पूड साचलीय किंवा अमोनियाचा उग्र वास येतोय, तर युनिट फुटलंय. फ्रिज तिथेच बंद करा, पुन्हा पेटवू नका. गळणारा हायड्रोजन पेट घेतो.

अशा वेळी कॉम्प्रेसर फ्रिजकडे वळावं. तो भरउन्हात गार करतो, ट्रेलर थोडा कलला तरी चालतो आणि गाडी चालू असतानाही गॅसची धास्ती नाही. किंमत मोजायची ती बॅटरीत. चालताना साधारण ४-५ अँपिअर ओढतो, म्हणजे अर्धा वेळ चालला तरी दिवसाला ५०-६० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, ती एका दिवसात संपते. लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर पॅनेल धरूनच हिशेब करा. उलट जुन्या फ्रिजचा छोटा बर्नर ताशी १५०० बीटीयू (उष्णतेचं एकक) धरला तर २० पौंडांच्या एका सिलिंडरवर न थांबता जवळपास १२ दिवस चालतो.

म्हणून विजेची जोडणी नसलेल्या रानात आठवडाभर राहणाऱ्यांनी, सोलर नसेल तर, गॅसचाच फ्रिज ठेवावा. ॲरिझोना, टेक्सासच्या उन्हाळ्यात हिंडणाऱ्यांना आणि विजेच्या जोडणीवर थांबणाऱ्यांना कॉम्प्रेसर सोयीचा. आणि जुन्या फ्रिजमध्ये १२ व्होल्टचीही सोय असली, तर ती गाडी चालू असतानाच वापरा. तो हीटर बॅटरी एका रात्रीत रिकामी करतो.

बदलायचंच ठरलं तर खाचेची उंची, रुंदी, खोली मोजूनच ऑर्डर द्या, आणि जुनी गॅसची नळी जाणकाराकडून बूच लावून, साबणाच्या पाण्याने गळती तपासून बंद करून घ्या.